सरकपट्ट्यांवरचे सहा सेकंद

जीनीन थिबोडो अमेरिकेतल्या लोवेलमध्ये जन्मली, तिथेच लहानाची मोठी झाली, पण मेरिमॅक नदीत तिनं कधी पाऊल बुडवलं नव्हतं. गिरण्या चालू होत्या तेव्हा कापडाला ज्या दिवशी जो रंग, त्या दिवशी नदीलाही तोच, असं तिची आई सांगायची. गिरण्या बंद होऊन जमाना लोटला तरी आईच्या लेखी ते पाणी विषच होतं. त्यामुळे नववीतली मार्गो एका संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "मॉम, मी रोइंगच्या टीममध्ये नाव दिलंय," तेव्हा जीनीननं पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या पाण्यात?"

"नदीत. अजून कुठे?"

"आणि होडी उलटली तर?"

"आठ जणींची होडी सहसा उलटत नाही, मॉम."

'सहसा' या शब्दानं जीनीनची त्या रात्रीची झोप गेली. ती काळजी करणाऱ्यांतलीच होती, आणि ते ती नाकारतही नसे. दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करून देण्याचं तिचं काम, बावीस वर्षांचं. हिरडीची अर्ध्या मिलिमीटरची सूजही तिच्या नजरेतून सुटायची नाही. तिचा नवरा रे टपाल वाटायचा. तो म्हणायचा, "जीनीनला सुख दिलं तर ती ते उलटं करून खाली काही चिकटलंय का बघेल."

होडीत बसणं तर तिला शक्य नव्हतं. म्हणून तिनं तंबू हाती घेतला. शर्यतीच्या दिवशी प्रत्येक क्लबच्या पालकांचा काठावर एक तंबू असतो. मुलींना दोन शर्यतींच्या मधे खायला घालायचं, त्यांचे ओले मोजे वाळत टाकायचे, हरल्या तर काही न बोलता हातात सँडविच द्यायचं. पहिल्या वर्षी ती कागदी ताटल्या मोजत होती, तिसऱ्या वर्षी तंबू तिच्या हुकमानं चालत होता. अंडं-चीजची सँडविचेस, बेगलचे गोल पाव, पातेलंभर मकारोनी. तिच्या तव्याजवळ कुणी लुडबुड केलेली तिला खपत नसे. मात्र होडी सुटली की ती पाठ करून उभी राहायची आणि शर्यत संपल्याचा भोंगा वाजला की मगच वळायची.

मार्गो उंच निघाली, चिवट निघाली. अकरावीत तिला मेन राज्यातल्या हॅलोवेल कॉलेजनं ओढ लावली. लहानसं कॉलेज, शंभरातल्या दहा-बारांनाच आत घेणारं. तिथल्या नावेच्या कोच टिलमन बाईंना दर वर्षी सहा मुलींची नावं प्रवेशकचेरीला देता यायची. त्या सहांत नाव आलं आणि शाळेचे मार्क चांगले असले, तर दार बरंचसं उघडलं म्हणायचं. न आलं तर बाकी हजारोंसारखंच रांगेत उभं राहायचं. मार्गोचे मार्क चांगले होते. प्रश्न सेकंदांचा होता. रोइंग मशीनवर दोन हजार मीटर किती वेळात ओढता, या एका आकड्यावर सगळी कॉलेजं मुलींना तोलतात. टिलमन बाईंनी वसंतात लिहिलं होतं, "साडेसात मिनिटांच्या आसपास आलीस की बोलू." मार्गो तेव्हा सात अडतीसवर होती.

जूनमधल्या चाचणीत तिनं सात एकोणतीस काढले.

जीनीननं मशीनच्या पडद्याचा फोटो काढला, कॉलेजच्या फॉर्मला तो जोडावा लागतो म्हणून. मार्गोच्या परीक्षा चालू होत्या, म्हणून फॉर्मही जीनीननंच भरला. नाव, उंची, मार्क, आकडा. ऑगस्टमध्ये टिलमन बाईंचा फोन आला: तुझं नाव मी सहांत धरलंय. मार्गोनं बाकीच्या चार कॉलेजांना नम्रपणे नाही कळवलं. तंबूतल्या बायकांनी जीनीनला मिठ्या मारल्या. रेनं मागच्या अंगणात मांस भाजलं. जीनीनला उलटं करून बघायला काही सापडेना, आणि तिला जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी वूस्टरच्या तळ्यावर शर्यत होती. तंबूत नववीतल्या एका मुलीची नवी आई आली होती. मशीनवरच्या आकड्याचा फोटो कसा काढायचा, त्यात काय काय दिसायला हवं, असं तिनं विचारलं. जीनीननं आपल्या फोनमधला जूनचा फोटो तिला दाखवला. मागून दुसऱ्या एका मुलीचा बाप, नील हॅगर्टी, डोकावला. नीलनं कॉलेजात असताना वल्हं मारलं होतं आणि त्या टीमचं जाकीट तो जुलैच्या उन्हातसुद्धा घालायचा.

"हा सरकपट्ट्यांवरचा आकडा आहे," नील म्हणाला.

"कशावरचा?"

"खाली बघ ना. मशीनच्या पायांखाली ते रूळ दिसतायत की."

"ते होय. ते फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणून असतात."

नील इतका हसला की त्याच्या हातातल्या सँडविचमधलं अंडं गवतात पडलं. मग त्याला जीनीनचा चेहरा दिसला.

"जीनीन, तू थट्टा करतेयस ना?"

"माझ्या खुर्च्यांनासुद्धा खाली फेल्टचे तुकडे लावलेत मी."

"चौथं वर्ष आहे बाई तुझं इथलं."

"मला तव्यावर ठेवलंय, नील. मशीनवर नाही."

मग त्यानं समजावून सांगितलं, आवाज खाली आणून. मशीन जमिनीवर असलं की प्रत्येक ओढीला स्वतःचं सगळं वजन पुढेमागे न्यावं लागतं. पट्ट्यांवर असलं की माणूस जवळपास जागेवर राहतो आणि मशीनच खालून सरकतं, पाण्यावर होडी सरकते तसं. बेव्ह, म्हणजे क्लबची कोच, आठ मशिनं अशी एकापुढे एक जोडून सगळ्यांना एका तालात ओढायला लावते. छान सराव होतो. पण वेळ कमी लागतो. पाच सेकंद, सात सेकंद, मुलीमुलीवर असतं.

"म्हणून फॉर्मवर विचारतात," नील म्हणाला. "मशीन स्थिर होतं की सरकतं."

जीनीनला तो प्रश्न आठवला. दोन गोल होते. तिनं 'स्थिर'वर टिंब दिलं होतं आणि तेव्हा तिला तो प्रश्नच खुळचट वाटला होता. मशीन काही कुठे चाललं नव्हतं.

तेवढ्यात भोंगा वाजला. मार्गोची होडी तिसरी आली होती. जीनीननं सँडविच दिलं, मोजे वाळत टाकले आणि तवा घासायला घेतला.

रविवारी तिनं रेला सांगितलं. तो बूट पुसत होता.

"तू कुणाला फसवलं नाहीस," तो म्हणाला. "चुकीच्या गोलात टिंब दिलंस."

"त्या टिंबावर तिची पुढची चार वर्षं उभी आहेत, रे. सात एकोणतीस बघून त्यांनी तिला घेतलं. जमिनीवर ती अजूनही सात छत्तीस-सदतीसची असली तर?"

"तर कळव त्यांना."

"आणि त्यांनी नाव काढलं तर? बाकीच्यांना तिनं नाही सांगितलंय."

रेनं हातातला बूट खाली ठेवला. तो दुसऱ्या बुटाकडे वळला. खरं तर न सांगण्याचा विचार जीनीनच्या मनात येऊन गेला होता. नुसता येऊन गेला नव्हता, शनिवारची रात्र आणि रविवारचा दिवस मुक्कामाला होता. नील बोलणार नाही, हे तिला माहीत होतं. फोटोच्या कोपऱ्यातले रूळ कुणाच्या लक्षात आले नव्हते. फोटो थोडा कापला तर पुढेही येणार नव्हते.

सोमवारी सकाळी दवाखान्यात मिस्टर सोक आले. पिकल्या केसांचे, लोवेलमधल्या निम्म्या कंबोडियन लग्नांचे फोटो काढलेले गृहस्थ. दर सहा महिन्यांनी दात साफ करून घेत. तोंडात नळी, वर दिवा, दोन्ही हात पोटावर. बोलू न शकणारा माणूस समोर मिळाला आणि जीनीनच्या तोंडून सगळं बाहेर आलं. पट्ट्या, टिंब, सहा नावं, कापायचा फोटो. मिस्टर सोक छताकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी चूळ भरली, नॅपकिननं ओठ टिपले.

"मुलीला माहीत आहे का?"

"नाही."

"मग मला का सांगताय?"

जीनीननं नळी पुन्हा हातात घेतली. मिस्टर सोक पुन्हा आडवे झाले. "फोटो कापू नका," तोंड उघडण्याआधी ते म्हणाले. "कापलेला फोटो कापलेलाच दिसतो. माझा धंदा आहे तो."

त्या दुपारी सरावानंतर मार्गो गाडीत बसली, केस ओले, मांडीवर केळं. जीनीननं गाडी चालूच केली नाही. तिनं सांगितलं. सांगताना स्टिअरिंगकडे बघत होती.

मार्गोनं मांडीवरचं केळं उचललं. मग म्हणाली, "फरशीला ओरखडे?"

"हो."

"मॉम, ती सिमेंटची फरशी आहे. त्यावर होड्यांचा ट्रेलर येऊन उभा राहतो."

"मला काय माहीत. मी वाटेल ते कबूल करते. पण आता काय करायचं ते सांग."

"तू फॉर्मवर पट्ट्या लिहिल्या असशील असं मी धरून चालले होते." मार्गोनं केळं न सोलताच पिशवीत ठेवलं. "फोन करायचा. आत्ता. मी बोलणार. तू बोलायचं नाहीस."

"एक वाक्य फक्त. चूक माझी होती म्हणून."

"नाही. आईबापांचे फोन आले की कोच लोक वैतागतात. तू खोकायचंसुद्धा नाहीस."

फोन स्पीकरवर लागला. टिलमन बाई होड्यांचा ट्रेलर ओढत कुठल्याशा हमरस्त्यावर होत्या. मागून ट्रकांचा आवाज येत होता. मार्गोनं सरळ सांगितलं: जूनचा माझा आकडा सरकपट्ट्यांवरचा आहे आणि फॉर्मवर स्थिर असं लिहिलं गेलंय. 'मॉमनं लिहिलं' असं ती म्हणाली नाही. जीनीननं ओठ आत ओढून धरले होते.

"मी गाडी चालवतेय, माझ्यासमोर काही नाही," टिलमन बाई म्हणाल्या. "असं कर. या आठवड्यात जमिनीवरच्या मशीनवर टेस्ट दे. नवा आकडा मला एरवीही लागणारच होता. बेव्हकडून पाठव शुक्रवारपर्यंत. यादी मला सोमवारी द्यायची आहे."

"हो, कोच."

"आणि नीट जेव."

फोन ठेवल्यावर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. टिलमन बाई रागावलेल्या वाटल्या नव्हत्या. पण 'काळजी करू नकोस' असंही म्हणाल्या नव्हत्या. जीनीननं त्यांच्या मोजक्या वाक्यांचा पुढचे तीन दिवस कीस काढला. नीट जेव, यात माया होती की निरोप?

गुरुवारी चार वाजता टेस्ट होती. जीनीनला आत यायला मनाई होती. ती क्लबच्या कुंपणाशी गाडीत बसून राहिली. काच खाली केली तर मशीनच्या पंख्याचा घरघराट ऐकू यायचा, प्रत्येक ओढीला चढणारा, मग उतरणारा. दात साफ करताना ती मनात अंक मोजत राहायची, तसं तिनं मोजायला सुरुवात केली आणि शंभरानंतर सोडून दिली. घरघर थांबली. बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. मग मार्गो दारातून बाहेर आली, चार पावलं चालली आणि गवतावर उताणी पडली.

जीनीन धावत गेली. मार्गोनं डोळे न उघडता बोटं वर केली. सात. मग तीन. मग पुन्हा तीन.

सात तेहतीस.

जमिनीवरचा तिचा तो आजवरचा सगळ्यांत चांगला आकडा होता, पाच सेकंदांनी. आणि फॉर्मवरच्या आकड्यापेक्षा चार सेकंदांनी वाईट. हसायचं की रडायचं, दोघींना ठरवता येईना. जीनीननं तिच्या डोक्याखाली आपला स्वेटर घातला आणि विचारलं, "उलटी येतेय?"

"आली. आत बादलीत."

"बरं झालं," जीनीन म्हणाली. त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही.

बेव्हनं आकडा त्याच संध्याकाळी पाठवला. शुक्रवारी उत्तर नाही. शनिवारी सकाळी मार्गो सरावाला गेली आणि जीनीन पातेलंभर क्लॅम शिंपल्यांचं सूप घेऊन मागोमाग गेली, कारण घरी बसून तिनं फ्रीज दोनदा पुसून काढला होता. साडेअकराला मुली पाण्यातून वर आल्या, होडी खांद्यावरून आत गेली आणि मार्गोचा फोन वाजला. तिनं हातानं मॉमला बोलावलं, तोंडावर बोट ठेवलं आणि स्पीकर लावला.

"सात तेहतीस," टिलमन बाई म्हणाल्या. आज मागे ट्रक नव्हते. "छान सुधारलीस."

मार्गोला कळेना. "सुधारले? जूनमध्ये सात एकोणतीस होते, कोच."

"पट्ट्यांवर ना. मी ते सात पस्तीसच धरले होते. बेव्हचं पत्र आत्ता समोर आहे माझ्या, जूनचं. लिहिलंय की, 'मार्गो, ७:२९, पट्ट्यांवर, सहा सेकंद मिळवून वाचा.' मी मिळवूनच वाचलं. त्या दिवशी गाडीत होते म्हणून आठवलं नाही. म्हणजे मी धरलेल्यापेक्षा तू दोन सेकंद वेगात आहेस."

"पण फॉर्मवर—"

"कुठला फॉर्म? अच्छा, तो ऑफिसचा. अगं, तो मी उघडतच नाही. फॉर्म मुलींच्या आया भरतात."

जीनीनच्या छातीतून एक आवाज निघाला. खोकला नव्हता, हसूही नव्हतं. सोमवारपासून कोंडून ठेवलेला श्वास एकदम सुटला, एवढंच.

"तिकडे कोण आहे?" टिलमन बाईंनी विचारलं.

मार्गोनं डोळे मिटले. "माझी मॉम."

"हॅलो, मॉम. नाव सोमवारी जातंय. आता जरा झोपा."

जीनीननं त्यांचं ऐकलं. सूप बेव्हच्या हाती देऊन ती गाडीत बसली, सीट मागे केली आणि दुपारचं ऊन काचेतून अंगावर घेत दोन तास झोपली. अशी झोप तिला मार्गो नववीत गेल्यापासून लागली नव्हती. कॉलेजचं रीतसर पत्र पुढे डिसेंबरात आलं, रेनं ते स्वतःच्याच टपालाच्या पिशवीतून घरी आणलं आणि सगळे रडले. पण थिबोडोंच्या घरात कुणाला विचारा, सुटका झाली ती त्या शनिवारी.

त्या दुपारी जीनीन गाडीत जागी झाली तेव्हा क्लबचं अंगण रिकामं झालं होतं. आत बेव्ह सुपाचं पातेलं घासत होती. साठीची, आखूड केसांची, एका गुडघ्यानं लंगडणारी बाई.

"सूप संपलं," बेव्ह म्हणाली. "आणि मला आत्ताच कळलं, हा आठवडाभर तुम्ही दोघींनी काय भोगलंत ते. मला विचारलं असतंत तर पाच मिनिटांत सांगितलं असतं. वीस वर्षं झाली, पट्ट्यांवरचा आकडा मी पट्ट्या लिहिल्याशिवाय कुठे पाठवलेला नाही."

"मला वाटलं मार्गोनं तुला सांगितलं असेल."

"ती म्हणाली, हॅलोवेलला नवी टेस्ट हवीय. बास."

मार्गो कोपऱ्यात वल्ही पुसत होती. जीनीननं तिच्याकडे बघितलं. "का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ते फरशीचं पण सांगावं लागलं असतं," मार्गो मान वर न करता म्हणाली. "तुला सगळ्यांनी चिडवलं असतं."

जीनीन सरकपट्ट्यांवर ठेवलेल्या मशीनपाशी गेली आणि वाकून बघू लागली. दोन लांब रूळ, मधे छोटी चाकं, टोकाला ताणलेलं रबर. तिनं मशीनला पायानं हळूच ढकललं. ते लोण्यासारखं सरकलं आणि परत आलं.

"फरशी शाबूत आहे ना?" बेव्हनं विचारलं.

मार्गो खो खो हसली. "मी नाही सांगितलं, मॉम. नीलनं सांगितलं."

"त्या नीलला माझ्या तंबूत यापुढे कोरडा बेगल मिळेल," जीनीन म्हणाली.

"बस त्या मशीनवर," बेव्ह म्हणाली. "चार वर्षं पाठ करून उभी असतेस. इथे पाणीसुद्धा नाही."

जीनीननं दवाखान्याचे पांढरे बूट मशीनच्या बंदांत अडकवले. मार्गोनं दांडी तिच्या हातात दिली. "पायांनी ढकल. हातांनी ओढायचं नाही आधी." जीनीननं ढकललं. पंखा घुरघुरला, मशीन तिच्या खालून पुढे निघून गेलं आणि ती होती तिथेच राहिली. पुन्हा ढकललं. ते आलं, गेलं. पाळण्यात बसल्यासारखं वाटलं, आणि ते वाईट नव्हतं. वीसेक ओढींनंतर तिला धाप लागली. मुलगी असं दोन हजार मीटर करते आणि वर बादलीत उलटी करून बाहेर येते, हे तिला पहिल्यांदाच अंगानं कळलं.

"दोनशे मीटर झाले," मार्गो पडदा वाचत म्हणाली. "फोटो काढू?"

"काढ," जीनीन म्हणाली. "पण खालच्या पट्ट्या दिसतील असा काढ."

मार्गो गुडघ्यांवर बसली, फोन खाली नेला आणि पट्ट्या चौकटीत येईपर्यंत मागे सरकली.